सासरे गेल्यावर मेडिकल दुकान चालवायचं, तर आधी काय?

पत्र: आमचं इंदूरला रामबागेत मेडिकल दुकान आहे. जागा भाड्याची, नऊ फूट बाय बारा फूट. सासरे स्वतः फार्मासिस्ट होते आणि लायसन्सही त्यांच्याच नावावर. दीड महिन्यापूर्वी ते गेले. तेरावं झाल्यावर आम्ही दुकान पुन्हा उघडलं. बावीस वर्षं कामाला असलेले एक काका काउंटर सांभाळतात, त्यांना सगळी औषधं तोंडपाठ आहेत. मी बी.कॉम. आहे आणि आठ वर्षं दुकानाची बिलं, हिशेब बघते. मिस्टरांची नोकरी पिथमपूरला, त्यामुळे दुकान मी चालवावं असं घरात ठरलंय. ओळखीचा एक माणूस म्हणतो की महिन्याला चार हजार दिले की फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावून मिळतं, त्यानं यायची गरज नाही. नणंदेचा मुलगा जळगावला बी.फार्म. झालाय, त्याचं लावलं तर चालेल का? शिवाय सासूबाई गुडघ्यांसाठी तेल करतात, शेजारीपाजारी मागून नेतात. दुकानाच्या मागच्या बाजूला पार्टिशन टाकून ते बाटल्यांत भरावं आणि दुकानात विकावं असं मनात आहे. लायसन्स माझ्या नावावर करायला काय करावं लागेल?
– एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर:

ताई, तुम्ही लायसन्सचं विचारलंय, पण त्याआधी एक काम आजच करायला हवं. औषधांचं काउंटर बंद करा. डायपर, साबण, पावडर विकायला हरकत नाही. प्रिस्क्रिप्शनची औषधं मात्र फार्मासिस्ट येऊन बसेपर्यंत कुणालाही देऊ नका.

सासरे गेले तेव्हा दुकानातून दोन गोष्टी एकाच दिवशी गेल्या, लायसन्सचा मालक आणि फार्मासिस्ट. मालक बदलला तर कायदा थोडा अवधी देतो. औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा आणि त्याखालचे नियम १९४५चे. त्यातल्या रिटेल लायसन्सच्या अटींत लिहिलंय की फर्मच्या मालकीत बदल झाला तर चालू लायसन्स जास्तीत जास्त तीन महिने वैध धरलं जाईल, आणि तेवढ्यात नव्या मालकाच्या नावानं नवं लायसन्स घ्यावं लागेल. फार्मासिस्टच्या बाबतीत असा अवधी नाही. प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे, आणि ही अट रोजची आहे. जबाबदार फार्मासिस्ट बदलला तर ते एका महिन्याच्या आत लेखी कळवायचं असतं. तुमचा दीड महिना झालाय, म्हणजे ती मुदत उलटून गेली. म्हणून उद्याच औषध प्रशासनाच्या इंदूरच्या कार्यालयात साधा अर्ज द्या. त्यात निधनाची तारीख, लायसन्स क्रमांक आणि नवीन लायसन्ससाठी अर्ज करत असल्याचं लिहा, सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. उशीर झाल्याचं स्वतःहून लिहून दिलेलं बरं. तपासणीत ते दुसऱ्या कुणी काढलं तर सारवासारव करावी लागते.

काकांबद्दल तुमच्या मनात जो आदर आहे तो रास्तच आहे. बावीस वर्षांत त्यांनी हजारो चिठ्ठ्या वाचल्या असतील. तरीही कायद्यापुढे ते मदतनीस आहेत. ते कपाटातून औषध काढतील, बिल करतील, स्टॉक लावतील. चिठ्ठी तपासून औषध देणं, डोस समजावणं आणि रजिस्टरवर सही करणं फार्मासिस्टचंच. त्यांच्या हातून चूक झाली तर पोलीस आणि ड्रग इन्स्पेक्टर दोघंही आधी त्यांना विचारतील. इतकी वर्षं घरच्यासारख्या राहिलेल्या माणसाला त्या जागी उभं करू नका.

आता चार हजारांचं सर्टिफिकेट. ते घेऊ नका. अशी सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेली दुकानं कमी नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या दिवशी ड्रग इन्स्पेक्टर दुपारी चारला दारात उभा राहतो त्या दिवशी तुमच्याकडे हजेरी नसते, रजिस्टरवर त्या माणसाची सही नसते, आणि फोन लावला तर तो दुसऱ्या गावातल्या दुकानात असतो. शिवाय अर्जासोबत तुम्ही दिलेलं प्रतिज्ञापत्रच खोटं ठरतं. लायसन्स निलंबित किंवा रद्द होतं, आणि ते सर्टिफिकेटवाल्याचं नसून तुमचं असतं. त्यापेक्षा पगार देऊन पूर्णवेळ फार्मासिस्ट ठेवा. नेमणूकपत्र द्या, पगार बँकेतून द्या, हजेरीचं रजिस्टर ठेवा. दुकान सकाळी नऊ ते रात्री दहा चालवायचं असेल तर एका माणसानं ते होत नाही. मग एकतर दोन फार्मासिस्ट लागतील, नाहीतर दुकानाची वेळ कमी करा. सुरुवातीला वेळ कमी केलेली परवडते.

जळगावच्या भाच्याचा पर्याय चांगला आहे, पण एका अटीवर: त्यानं इंदूरला येऊन राहायला हवं. तो महाराष्ट्राच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदलेला असेल तर तिथून ना-हरकत घेऊन मध्य प्रदेश फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल. आणि नुसती पदवी झाली असून नोंदणीच केली नसेल, तर तो अजून फार्मासिस्ट नाही. त्याला फोन करून विचारा की रजिस्ट्रेशन क्रमांक आहे का आणि ते कधीपर्यंत वैध आहे. या कागदांना वेळ लागतो आणि तुमच्या तीन महिन्यांतला दीड संपलाय. म्हणून आत्ताचा अर्ज इंदूरच्याच, नोंदणी चालू असलेल्या फार्मासिस्टच्या नावानं करा. भाचा आला की बदल कळवता येईल.

तुम्ही स्वतः फार्मासिस्ट नसलात तरी लायसन्स तुमच्या नावावर होऊ शकतं. मालक कुणीही असू शकतो, फार्मासिस्ट मात्र लागतोच. अर्ज फॉर्म १९ मध्ये करायचा. त्यावर दोन लायसन्स मिळतात. फॉर्म २० सर्वसाधारण औषधांसाठी आणि फॉर्म २१ इन्सुलिन, लसी, सिरम अशा शेड्युल सी आणि सी वन या नियमांतल्या याद्यांमधल्या औषधांसाठी. फी प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून ३,०००. एजंट यापेक्षा जास्त "सरकारी फी" सांगत असेल तर चालान दाखव म्हणा. सोबत साधारण हे कागद लागतात: मृत्यू दाखला, सासूबाई, मिस्टर आणि नणंद या वारसांची स्टँपपेपरवर संमती, जुनं मूळ लायसन्स, जागेचा नकाशा, तुमच्या नावानं भाडेकरार, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, फ्रिजचं बिल, तुमचं ओळखपत्र आणि फोटो. यात सर्वांत जास्त अडतं ते भाडेकरारापाशी. जुन्या इंदुरात कित्येक दुकानं वडिलांच्या नावाच्या पावतीवर चाललेली असतात आणि घरमालक नवा करार करायला टाळाटाळ करतो. म्हणून त्याच्याशी बोलणं आधी करा, बाकीचे कागद दोन दिवसांत जमतात.

जागेचा हिशेब नीट बघा, कारण तुमचं सगळं गणित त्यात अडकलंय. रिटेलला किमान दहा चौरस मीटर जागा लागते. तुमचं दुकान नऊ बाय बारा, म्हणजे १०८ चौरस फूट. दहा चौरस मीटर म्हणजे साधारण १०७.६ चौरस फूट. म्हणजे तुम्ही काठावर बसता आहात. मापं भिंतीच्या आतून घ्या. सांगायला बारा फूट असलेली लांबी टेप लावल्यावर अकरा फूट दहा इंच भरली, तर १०६.५ होतात आणि अर्ज तिथेच थांबतो. अशा दुकानात मागच्या बाजूला पार्टिशन टाकणं म्हणजे स्वतःच्या हातानं लायसन्स घालवणं. तेल भरायला तीन फूट काढले की उरले नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ चौरस फूट.

कुणी तुम्हाला "सोबत होलसेलही टाका" असं सुचवेल. एकाच जागेत रिटेल आणि होलसेल दोन्ही करायचं तर पंधरा चौरस मीटर लागतात, ते तुमच्याकडे नाहीत. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. होलसेलच्या लायसन्सला, म्हणजे २०बी आणि २१बीला, फार्मासिस्टच लागतो असं नाही. औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही चालतो. तुम्ही पदवीधर आहात आणि आठ वर्षं दुकानात काम केलंय. त्याचा पुरावा म्हणून पगाराच्या नोंदी असतील तर आत्ताच एका फायलीत लावून ठेवा. पुढे कधी दवा बाजारात, म्हणजे इंदूरच्या औषधांच्या होलसेल बाजारात, जागा घ्यावीशी वाटली तर तो रस्ता तुम्हाला मोकळा आहे. फक्त होलसेलवरून थेट रोग्याला औषध देता येत नाही. आणि बारावी सायन्सला झाली असेल तर डी.फार्म.चाही विचार करा. दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. मग मालक आणि फार्मासिस्ट दोन्ही तुम्हीच.

लायसन्स हातात आलं की ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा, आणि तपासणीचं पुस्तक, फॉर्म ३५, काउंटरच्या खणात ठेवा. २०१७च्या दुरुस्तीनंतर ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागत नाही. लायसन्स चालू राहतं, मात्र दर पाच वर्षांनी ते कायम ठेवण्याची फी भरायची असते. तारीख चुकली तर सहा महिन्यांपर्यंत दरमहा दोन टक्के विलंब शुल्क देऊन भरता येते, त्यानंतर लायसन्स रद्द समजलं जातं. कुठलंही कार्यालय आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

आता रोजच्या कामाचं, कारण दुकानं अडचणीत येतात ती बहुतेक इथेच. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात लहान मुलं कफ सिरपमधल्या डायथिलिन ग्लायकॉल या विषारी रसायनानं किडनी निकामी होऊन गेली, हे आपल्या राज्यातलंच आहे. अशा वेळी औषधाची विक्री थांबवण्याचा आदेश सुटतो तेव्हा त्यात बॅच नंबर असतो. त्या संध्याकाळी तुम्हाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: ही बॅच तुमच्याकडे आली होती का, आणि आली असेल तर कुणाकुणाला गेली? ज्या दुकानात खरेदीच्या बिलावर आणि विक्रीच्या बिलावर बॅच आहे, तिथे उत्तर पाच मिनिटांत निघतं. ज्या दुकानात नाही, तिथे मालक दारोदार फिरतो, आणि कुठल्या दारी जायचं हेही त्याला माहीत नसतं.

म्हणून दवा बाजारातून माल आला की पिशवी उघडायच्या आधी बिल काढा. होलसेलरचा लायसन्स क्रमांक, प्रत्येक औषधाची बॅच, एक्सपायरी, कंपनीचं नाव आणि खाली सही बघा. मग एकेक पाकीट हातात घेऊन बॅच जुळवा. बिलात एक बॅच आणि डब्यात दुसरी असं नेहमी होतं, आणि बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते, घाई असते. तरी माल परत करा किंवा बिल दुरुस्त करून घ्या. बिनबिलाचा माल कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नका. उद्या एखादं औषध कमअस्सल निघालं तर कायदा विक्रेत्याला संरक्षण देतो. पण ते कधी, तर तुम्ही ते लायसन्सधारकाकडून घेतलं होतं, योग्य काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि माल जसा आला तसा नीट ठेवला होता, हे दाखवता आलं तर. हे दाखवायला बिलच लागतं. ते नसेल तर माल कुठून आणला याचंही उत्तर देता येत नाही, आणि ते न सांगणं हा वेगळा गुन्हा आहे.

स्ट्रिप कापायची पद्धत काकांना एकदा बसून दाखवा. बॅच आणि एक्सपायरी बहुतेक स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या द्यायच्या तर कात्री नेहमी दुसऱ्या टोकाकडून चालवा. छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे, आणि कापून दिलेल्या तुकड्याची बॅच व एक्सपायरी बिलावर आली पाहिजे. उलट कापलं की डब्यात नाव-गाव नसलेल्या सहा गोळ्या उरतात. त्या विकता येत नाहीत, परतही करता येत नाहीत.

शेड्युल एचची औषधं चिठ्ठीशिवाय नाहीत. एच वनसाठी वेगळं रजिस्टर लागतं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, टीबीची औषधं ही सगळी त्यात येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि किती दिलं हे त्याच वेळी लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. रात्री आठवून भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं. एकच पेन, एकच हात, सगळ्या ओळी एका दमात. इन्स्पेक्टर आधी सेफिक्झिमची खरेदी बघतो, मग रजिस्टरमधली विक्री, मग कपाटातला शिल्लक माल. तीन आकडे जुळले नाहीत तर पुढची चौकशी सुरू होते.

फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांचं तापमान हवं. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहा. इन्सुलिन मधल्या फळीवर ठेवा. दाराच्या कप्प्यात ते प्रत्येक उघडझापीला तापतं आणि बर्फाच्या कप्प्याला टेकलं तर गोठतं. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळल्यावर चांगलं दिसू शकतं, पण त्याच्या परिणामाचा भरवसा उरत नाही, आणि रोग्याची साखर का उतरत नाही हे डॉक्टरलाही कळत नाही. त्या फ्रिजमध्ये दुधाची पिशवी, काकांचा डबा काहीही ठेवू नका. एक्सपायर झालेला माल "विक्रीसाठी नाही" असं लिहिलेल्या वेगळ्या खोक्यात ठेवा.

राहिलं सासूबाईंचं तेल. आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचं लायसन्स लागत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की करून विकायलाही लागत नाही. करायला लागतं. अर्ज फॉर्म २४डी, लायसन्स फॉर्म २५डी. आणि लायसन्स नसलेल्यानं केलेलं आयुर्वेदिक औषध दुकानात ठेवून विकणं हाही गुन्हाच. वैद्याला स्वतःच्या रोग्यांसाठी औषध करून देण्याची मुभा आहे, पण ती काउंटरवरच्या विक्रीला लागू होत नाही. कारखान्याला शेड्युल टीचे नियम आहेत. त्यात प्रकारानुसार जागा आणि यंत्रं ठरवून दिलीत, आणि आयुर्वेदाची पदवी किंवा नियमात सांगितलेली पात्रता असलेला पूर्णवेळ माणूस लागतो. एका तेलासाठी एवढा डोलारा उभा करणं तुम्हाला परवडणार नाही. खरंच विकायचं असेल तर कर्जाऊ लायसन्स, म्हणजे लोन लायसन्स, हा मार्ग आहे. फॉर्म २५ई घेऊन ज्याचा कारखाना आहे त्याच्याकडून करून घ्यायचं.

यात नुसती कागदाची अडचण नाही. सिद्ध तेलाचं शास्त्रातलं प्रमाण कल्क (वाटलेल्या औषधी वनस्पतींचा गोळा) एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग असं आहे, आणि पाण्याचा अंश पूर्ण जाईपर्यंत ते मंद आचेवर ठेवायचं असतं. कल्काची बोटांत वात वळली पाहिजे, आणि ती ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी उरलंय. घरी चार लिटर करताना सासूबाई हे सहज सांभाळत असतील. पण आज ताज्या तेलाला काही होत नाही, आणि उरलेल्या पाण्यामुळे तेच बाटलीत दोन महिन्यांनी खवट होतं किंवा त्याला बुरशी येते. त्यात बाटल्या धुऊन पुन्हा वापरलेल्या असल्या तर आणखी लवकर. ते तेल कुणाच्या सोललेल्या कातडीला लागलं, तर तुमच्या दुकानाच्या नावानं लागलेलं असेल.

लेबलवर "संधिवात बरा करते" असं लिहिण्याचा मोह होईल. औषध आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा. ज्या आजारांवर उपायाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्यांच्या यादीत संधिवात आहे, मधुमेह आणि फेफरंही आहे. लायसन्स असलेल्या कंपनीलाही तसं लिहिता येत नाही. सासूबाईंनी तेल घरच्यांसाठी पूर्वीसारखं करत राहावं. दुकानाच्या फळीवर ते नको.

जुना स्टॉक तुमच्या नावावर घेताना औषध, बॅच, एक्सपायरी आणि नग अशी पूर्ण यादी करा आणि त्यावर नव्या फार्मासिस्टची सही घ्या. जीएसटी क्रमांक सासऱ्यांच्या पॅनवर असणार, तुम्हाला नवा काढावा लागेल. त्यांच्या खात्यातली शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आयटीसी-०२ फॉर्मनं तुमच्याकडे येते, ते सीएला आत्ताच सांगा. आणि घर आवरताना सासऱ्यांच्या फायली रद्दीत जाऊ देऊ नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. एच वनचं रजिस्टर आणि खरेदीची बिलं एका वेगळ्या कपाटात, वर्षाप्रमाणे चिठ्ठी लावून, कुलपात ठेवा. त्यांच्या काळातल्या एखाद्या बॅचबद्दल पुढच्या वर्षी पत्र आलं, तर उत्तर त्याच कपाटातून द्यावं लागेल.